दोन पौंडांचं मत

पुण्यात बंडगार्डनचा पूल सगळ्यांना माहीत असतो. मुळा-मुठेवरचा जुना दगडी पूल, टोकांना बसलेले सिंह, आणि आता वाहनांना बंद झाल्यामुळे संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांची गर्दी. त्याचं कागदोपत्री नाव फिट्झगेराल्ड ब्रिज, बांधणी १८६७ची. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला दिलं. मुंबईत धोबी तलावाच्या चौकात याच गव्हर्नरांच्या नावाचा दिव्याचा कारंजा होता, तो पुढे राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाच्या आवारात गेला. मला रस्त्यांच्या आणि पुलांच्या नावांमागची माणसं शोधायची खोड आहे. बहुतेकदा एखादा कंटाळवाणा लाटसाहेब हाती लागतो, चार तारखा कळतात आणि विषय संपतो. इथे संपला नाही. सेमूर फिट्झगेराल्ड हा विल्यम व्हेसी-फिट्झगेराल्ड नावाच्या आयरिश उमरावाचा विवाहबाह्य संबंधातून झालेला मुलगा. आणि हा बाप म्हणजे १८२८ साली क्लेअर मतदारसंघात हरलेला उमेदवार.

एवढीशी माहिती. पण आयर्लंडचा इतिहास ज्यांनी थोडाफार वाचलाय त्यांना ‘१८२८, क्लेअर’ एवढं पुरतं.

क्लेअर हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जिल्हा. एका बाजूला अटलांटिक, दक्षिणेला आणि पूर्वेला शॅनन नदी, उत्तरेला बरेन नावाचं चुनखडीचं उघडंबोडकं पठार. मोहरचे प्रसिद्ध कडे इथलेच. डब्लिनमधली आयर्लंडची स्वतःची संसद मोडीत काढून १८०१पासून तो देश ब्रिटनला जोडला गेला आणि आयर्लंडच्या वाट्याला लंडनच्या संसदेत १०० जागा आल्या. ३२ जिल्ह्यांना प्रत्येकी दोन, उरलेल्या शहरांना, कसब्यांना आणि एक डब्लिनच्या विद्यापीठाला. क्लेअरच्या दोन जागा जिल्ह्यातली मोठी जमीनदार घराणी आपसात वाटून घ्यायची. ओब्रायन, फिट्झगेराल्ड, मॅक्नमारा, व्हँडेलर ही नावं यादीत आलटून पालटून दिसतात.

मतदार कोण होते हे नीट समजल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही, म्हणून जरा इथे थांबते. जिल्ह्यात मत असायचं ‘चाळीस शिलिंगवाल्या’ला. म्हणजे ज्याच्या मालकीहक्काच्या जमिनीतून भाडं वजा जाता वर्षाला किमान ४० शिलिंग, अर्थात दोन पौंड, सुटतात असा माणूस. मालकीहक्क म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो, पण प्रकार वेगळा होता. आयर्लंडात ‘तीन जिवांचा’ भाडेपट्टा चालायचा. पट्ट्यात तीन माणसांची नावं लिहायची, आणि त्यातला शेवटचा माणूस मरेपर्यंत जमीन कुळाकडे राहायची. असा पट्टा कायद्याच्या डोळ्यांना मालकीहक्कासारखाच. पट्टा लांबावा म्हणून काही ठिकाणी चक्क राजघराण्यातल्या पोरांची नावं घालत, ती धडधाकट असतात आणि मेली की बातमी कळते म्हणून.

मग जमीनदारांनी हिशेब केला. एकाच जमिनीचे चार तुकडे केले तर चार पट्टे, चार मतं. जितकी मतं जास्त तितकं लंडनमध्ये वजन जास्त. बटाट्यामुळे लहानशा तुकड्यावरही कुटुंब जगू शकत होतं, त्यामुळे तुकडे पडत गेले. १७९३मध्ये कॅथलिकांना मताचा अधिकार मिळाल्यावर तर ही मतांची शेती आणखी फोफावली, कारण क्लेअरमधली बहुतेक कुळं कॅथलिक होती आणि बहुतेक बडे जमीनदार प्रॉटेस्टंट. मतदान उघड. कोर्टाच्या इमारतीत जायचं, आपलं नाव सांगायचं, जमीन सांगायची, आणि सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. जमीनदार किंवा त्याचा कारभारी शेजारीच उभा. शिवाय जवळजवळ प्रत्येक कुळाचं सहा महिन्यांचं भाडं रीतीनेच थकलेलं असे, आणि ते कधीही एकदम मागता येई. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीच्या नाकासमोर हात वर करायची वेळ आली की निम्मे लोक छताकडे बघायला लागतात, आणि इथे तर पोटापाण्याचा प्रश्न होता. निवडणुकीच्या दिवशी जमीनदार पुढे आणि कुळांची रांग मागे, असंच ते मतदान चालायचं. ते मत नावापुरतं कुळाचं होतं, बाकी ते जमिनीबरोबरच मालकाचं.

कॅथलिकांना मत होतं, पण संसदेत बसता येत नव्हतं. इथे कायद्यात एक फट होती. कॅथलिक माणसाने निवडणूक लढवू नये असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. बंदी होती ती दारात. आत बसण्याआधी खासदाराने शपथ घ्यायची, आणि त्या शपथेत कॅथलिक पूजाविधी आणि संतांची आराधना ही मूर्तिपूजा आहे असं म्हणायचं. कोणताही श्रद्धावान कॅथलिक ते म्हणणार नाही, म्हणून कुणी उभंच राहत नव्हतं.

डॅनियल ओकॉनेल हा केरी जिल्ह्यातला कॅथलिक वकील. कोर्टात उलटतपासणीत साक्षीदाराची सालं काढणारा, भाषणात हसवणारा, मध्येच अपमान करणारा, आणि पैशांच्या बाबतीत कायम ओढाताणीत असलेला माणूस. १८२३मध्ये त्याने कॅथलिक असोसिएशन काढली आणि पुढच्याच वर्षी महिन्याला एक पेनी अशी वर्गणी सुरू केली. पेनी म्हणजे काहीच नाही, पण ती चर्चच्या दारात गोळा व्हायची आणि देणाऱ्याला वाटायचं की आपण कशात तरी सामील आहोत. लाखो माणसांना एका धाग्यात ओवणारी अशी वर्गणी त्याआधी युरोपात क्वचितच कुणी उभी केली असेल.

१८२८च्या जूनमध्ये संधी चालून आली. क्लेअरचे खासदार विल्यम व्हेसी-फिट्झगेराल्ड यांना पंतप्रधान वेलिंग्टनने व्यापार मंडळाचं अध्यक्षपद दिलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्री झालेल्या खासदाराला राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावं लागे. एरवी ही औपचारिकता. फिट्झगेराल्ड तर लोकप्रिय माणूस, कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने बोलणारा. वडिलांनी आयर्लंडची संसद बुडवायला विरोध केलेला. असोसिएशनने आधी मेजर मॅक्नमारा या प्रॉटेस्टंट जमीनदाराला गळ घातली, १८१५च्या द्वंद्वयुद्धात तो ओकॉनेलचा साथीदार होता. त्याने नकार दिला. शेवटी ओकॉनेल स्वतः उभा राहिला.

मला या गोष्टीत फिट्झगेराल्डबद्दल नेहमी वाईट वाटतं. चांगला जमीनदार, चांगला वक्ता, योग्य बाजूचा माणूस, आणि हरला तो त्याने काही वाईट केलं म्हणून नाही. चुकीच्या वेळी त्याची बढती झाली इतकंच.

एनिस हे क्लेअरचं मुख्य गाव, अरुंद गल्ल्यांचं, नदीच्या वळणात वसलेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथे सुमारे तीस हजार माणसं गोळा झाली असं तेव्हाचे लोक लिहितात. ती रस्त्यावर झोपली. असोसिएशनने दारूबंदीचा हुकूम काढला आणि आयरिश निवडणुकीत, जिथे व्हिस्कीशिवाय मत पडत नसे, तो पाळला गेला. सरकारने सैन्य तयार ठेवलं होतं, त्याला काही काम पडलं नाही. डब्लिनच्या आणि लंडनच्या अधिकाऱ्यांना याचीच जास्त भीती वाटली. दंगा करणारा जमाव त्यांच्या ओळखीचा होता. गप्प उभा राहणारा, न पिणारा, हुकूम पाळणारा जमाव त्यांनी पाहिला नव्हता.

कोर्टाच्या इमारतीत उमेदवारांची नावं सुचवली गेली. फिट्झगेराल्डचं नाव सुचवलं सर एडवर्ड ओब्रायन यांनी, ड्रोमोलँडचे मोठे जमीनदार. ओकॉनेलचं नाव सुचवलं ओगोर्मन महॉन या विशीतल्या छैलछबील्या तरुणाने आणि अनुमोदन दिलं टॉम स्टील याने. स्टील स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार. आपल्या कुळांकडे मतं मागितली म्हणून ज्या जमीनदाराला राग येईल त्याच्याशी मी द्वंद्वाला तयार आहे, अशी त्याची आधीच घोषणा. महॉन गळ्यात असोसिएशनचं पदक अडकवून सज्जाच्या कठड्यावर लोंबकळत बसला होता. शेरीफने ते पदक काढायला सांगितलं, तर उत्तर मिळालं की हा गृहस्थ त्या गृहस्थाला कळवतो की त्या गृहस्थाने या गृहस्थाला हात लावला तर हा गृहस्थ स्वतःचं रक्षण करील. सभागृह हसून हसून बेजार. हे सगळं टिपून ठेवलं ओकॉनेलचा सहकारी रिचर्ड लेलर शील याने, तो तिथेच होता.

फिट्झगेराल्ड बोलायला उभा राहिला आणि आजारी वडिलांचा उल्लेख करताना त्याला रडू आलं. लोक हेलावले. ओकॉनेलने मग उठून त्या अश्रूंची जी टर उडवली ती आज वाचताना अंगावर येते. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा जागा सहसा झाकून जातात.

कोरोफिन हे एनिसच्या वायव्येला एक गाव. सर एडवर्डची बरीच कुळं तिकडची. तिथला धर्मोपदेशक फादर जॉन मर्फी, उंच, सडपातळ, आवाज घुमणारा. त्याने वेदीपुढून आयरिश भाषेत प्रवचन दिलं आणि सर एडवर्डची माणसं त्याच्यामागे निघाली. जमीनदाराच्या मागची रांग आता पाद्रीच्या मागे. एनिसमध्ये आणखी एक प्रसंग शीलने लिहिलाय. गर्दीत एक पाद्री हात वर करून सगळ्यांना गुडघे टेकायला लावतो. काय झालं, तर फिट्झगेराल्डला मत दिलेला एक कॅथलिक नुकताच मेला आहे, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. हजारो माणसं रस्त्यात गुडघ्यावर.

इथे मी अडकते. ही लोकशाहीची पहाट वगैरे म्हणून सांगितली जाते. पण त्या रांगेतल्या कुळाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर काय दिसतं? एका बाजूला मालक, जो थकबाकी मागून घराबाहेर काढू शकतो. दुसऱ्या बाजूला पाद्री, जो या जगापलीकडचं काढू शकतो. वर सगळा गाव बघतोय. मत उघड असताना कुणाचंच मत पूर्ण मोकळं नसतं. तरी मला वाटतं, फरक होता. मालकामागे जाताना त्या माणसाला कुणी काही समजावून सांगत नव्हतं. पाद्री आणि ओकॉनेल निदान त्याच्याशी बोलत होते, त्याच्या भाषेत, त्याला काहीतरी ठरवायचं आहे असं धरून. आणि धोका त्याचा स्वतःचा होता. ओकॉनेलचं घर जाणार नव्हतं, फादर मर्फीचंही नाही.

५ जुलैला निकाल लागला. ओकॉनेल २,०५७, फिट्झगेराल्ड ९८२. फिट्झगेराल्डने त्याच रात्री गृहमंत्री रॉबर्ट पीलला पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की मोठमोठी घराणी कोसळली, सगळे सोडून गेले, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते भयंकर आहे. हरलेल्या माणसाची इतकी नेमकी नजर फार कमी वेळा दिसते.

आता गंमत बघा. ज्याच्यासमोर हा पेच उभा राहिला तो वेलिंग्टन म्हणजे आपला ऑर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ला जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला, त्याच डिसेंबरात गाविलगड घेतलेला. डब्लिनमध्ये जन्मलेला. पंचवीस वर्षांनी हाच सेनापती पंतप्रधान म्हणून हिशेब करत होता की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक आयरिश जिल्ह्यात असाच ओकॉनेल उभा राहिला तर काय. सैन्य पाठवायचं तर कुणावर, सैन्यातलेच कितीतरी शिपाई आयरिश कॅथलिक. त्याने माघार घेतली. राजा चौथा जॉर्ज रडला, भांडला, शेवटी सही केली. पीलने आपलं मत बदललं म्हणून ऑक्सफर्डच्या जागेचा राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवली आणि तो हरला. मार्च १८२९मध्ये लॉर्ड विंचल्सीने वेलिंग्टनवर नाही नाही ते आरोप केले, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरचा हा पंतप्रधान लंडनच्या बॅटर्सीत पिस्तूल घेऊन द्वंद्वाला गेला. दोघेही वाचले.

१३ एप्रिल १८२९ला कॅथलिकांना संसदेची दारं उघडणारा कायदा झाला.

त्याच दिवशी आणखी एका कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. आयर्लंडच्या जिल्ह्यांत मतासाठीची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली. मतदारांची संख्या सुमारे २,१६,०००वरून ३७,०००वर आली. कोरोफिनहून चालत आलेला, रस्त्यात झोपलेला, न पिता उभा राहिलेला, मालकासमोर दुसऱ्याचं नाव घेतलेला माणूस मतदार यादीतून उडाला. सरकारचा तर्क सरळ होता. हे लोक जमीनदाराचं ऐकत होते तोवर त्यांचं मत चाललं. आता ऐकत नाहीत, तर मतच नको.

ओकॉनेलने १८२५मध्येच अशा सौद्याला एकदा मान डोलावली होती, मग माफी मागून शपथेवर सांगितलं होतं की चाळीस शिलिंगवाल्यांना मी सोडणार नाही. १८२९मध्ये त्याने आवाज उठवला, पण ज्या ताकदीने तो इतर गोष्टींसाठी लढला तशी ताकद इथे लावली नाही. कॅथलिक वकील, व्यापारी, मोठे शेतकरी यांच्यासाठी न्यायाधीशपदं, संसद, सगळं खुलं झालं. त्याची किंमत त्यांनी दिली नाही. मला ही गोष्ट त्याच्या त्या अश्रूंवरच्या टिंगलीपेक्षा जास्त खटकते, आणि मला वाटतं क्लेअरची कहाणी सांगताना सुरुवात इथून करायला हवी.

स्वतः ओकॉनेल १५ मे १८२९ला संसदेत गेला तर तिथे नवाच घोळ. नवा कायदा आधीच्या निवडणुकीला लागू नाही, म्हणून त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवली. त्याने ती वाचली आणि सांगितलं की यातली एक गोष्ट वस्तुस्थिती म्हणून खोटी आहे हे मला माहीत आहे आणि दुसरी खोटी आहे असं मी मानतो. बाहेर पडला, क्लेअरला परत गेला आणि ३० जुलैला बिनविरोध निवडून आला. सर एडवर्डचा मुलगा विल्यम स्मिथ ओब्रायन त्याच्या विरोधात गेला होता, त्यावरून टॉम स्टीलशी त्याचं द्वंद्व झालं. (हाच ओब्रायन पुढे १८४८च्या बंडाचा नेता. आयरिश राजकारणात माणसं अशी जागा बदलतात.) आणि १८३०मध्ये ओकॉनेलने क्लेअर सोडून वॉटरफर्ड जिल्ह्यातून निवडणूक लढवली. काम झालं होतं.

फिट्झगेराल्डचंही वाईट झालं नाही. तो उमराव म्हणून वरिष्ठ सभागृहात गेला आणि १८४१ ते ४३ या काळात हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता. म्हणजे क्लेअरच्या कुळांनी नाकारलेला माणूस आपल्या कारभारावर बसला. मुलगा मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि आमच्या पुलाला नाव लागलं.

१८३० नंतरचा क्लेअर मतदारसंघ बराच काळ पुन्हा घराण्यांचा. मॅक्नमारा बावीस वर्षं खासदार. कॉर्नेलियस ओब्रायन नावाचा दुसरा खासदार मोहरच्या कड्यावर बुरूज बांधून गेला, १८३५मध्ये, आजही पर्यटक त्यावर चढतात. कड्यांशिवाय या भागातलं सगळं त्यानेच बांधलं, असं तिकडे गमतीने म्हणतात. पण त्याच काळात बटाट्यावर रोग पडला. क्लेअरची लोकसंख्या १८४१मध्ये २ लाख ८६ हजार होती, १८५१मध्ये २ लाख १२ हजार. जे तीन जिवांचे तुकडे मतांसाठी पाडले होते त्यांच्यावर जगणारी माणसं आधी मेली किंवा बोटीत बसली. मत गेल्यावर जमीनदाराला त्यांना ठेवायचं कारणही उरलं नव्हतं. बेदखलीच्या लाटेला इतर कारणं अनेक होती, पण हे एक होतं.

जुलै १८५२च्या निवडणुकीत सिक्समाइलब्रिज या गावात एका जमीनदाराची मतदार कुळं सैनिकांच्या पहाऱ्यात मतदानाला चालली होती. जमावाने वाट अडवली, दगड आले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, किमान सहा माणसं गेली. चोवीस वर्षांपूर्वी सैन्य काही न करता उभं राहिलं होतं तोच जिल्हा. मतदान गुप्त झालं ते १८७२मध्ये. तोवर मत उघडच होतं, आणि त्याची किंमतही.

१८८०च्या सुमाराला क्लेअर पुन्हा गाजलं. १९ सप्टेंबर १८८०ला आयरिश स्वराज्यवादी पक्षाचा नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याने एनिसच्या सभेत विचारलं, बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? जमाव ओरडला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला उपाय आहे. त्याला रस्त्यावर, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळात एकटं पाडा, जुन्या काळी महारोग्याला पाडत तसं. काही आठवड्यांतच मेयो जिल्ह्यात कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्यावर तो प्रयोग झाला आणि त्याचं आडनाव जगभर पसरलं. पंचवीस वर्षांनी टिळकांच्या स्वदेशी-बहिष्काराच्या चतुःसूत्रीत ते पुण्यात पोचलं.

गंमत म्हणजे तेव्हा क्लेअरचे दोन खासदार कोण? एक ऐंशीच्या घरातला ओगोर्मन महॉन, तोच, सज्जाच्या कठड्यावरचा. मधल्या पन्नास वर्षांत तो जगभर भटकून आला होता. दुसरा कॅप्टन विल्यम ओशे. याच ओशेच्या बायकोशी, कॅथरीनशी, पार्नेलचं प्रेमप्रकरण चाललं होतं. १८९०च्या घटस्फोटाच्या खटल्यात ते चव्हाट्यावर आलं, पक्ष फुटला, आणि पुढच्या वर्षी पार्नेल गेला. क्लेअरच्या मतदारांनी ओशेला निवडून दिलं नसतं तर काय झालं असतं, असले प्रश्न विचारू नयेत, पण मनात येतात.

याच सुमाराला, १८८३मध्ये, मायकेल डेव्हिट या आयरिश नेत्याने दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश जागेवरून लंडनच्या संसदेत पाठवावं असं पार्नेलला सुचवलं होतं. पार्नेलला ते जमण्यासारखं वाटलं नाही. दादाभाई १८९२मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. आयरिश जागा मिळाली असती तर क्लेअरसारख्या एखाद्या चिखलाच्या गल्लीत घोटीव इंग्रजीत भाषण करणारे दादाभाई ही कल्पना मला फार आवडते.

१८८४च्या कायद्याने अखेर मत खाली उतरलं. आयर्लंडातले मतदार सुमारे सव्वादोन लाखांवरून सात लाखांच्या पुढे गेले. चाळीस शिलिंगवाल्याच्या नातवाला, तो उपासमारीतून आणि बोटीतून वाचून क्लेअरमध्येच उरला असेल तर, मत परत मिळालं. पण १८८५च्या फेररचनेत क्लेअर मतदारसंघच बंद झाला. पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे दोन तुकडे, प्रत्येकी एक खासदार. ज्या नावाच्या जागेसाठी आजोबांनी मत गमावलं त्या नावाच्या जागेला नातू मत देऊ शकला नाही.

पश्चिम क्लेअरने १९०९मध्ये निवडलेला ऑर्थर लिंच एका वाक्यात सांगून टाकते, नाहीतर त्याच्यावरच वेगळा लेख होईल. ऑस्ट्रेलियात जन्म, बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध कर्नल, राजद्रोहासाठी फाशीची शिक्षा, मग माफी, मग ब्रिटिश संसदेत खासदार, आणि १९१८मध्ये ब्रिटिश सैन्यात कर्नल.

पूर्व क्लेअरचे खासदार १८९२पासून विली रेडमंड. जन्मभर सनदशीर स्वराज्यासाठी लढलेले, वयाची पन्नाशी उलटल्यावर सैन्यात गेलेले, ७ जून १९१७ला बेल्जियममधल्या मेसीनच्या लढाईत पडलेले. त्यांना रणांगणावरून उचलून नेलं ते अल्स्टरच्या, म्हणजे राजकारणात त्यांच्या विरोधी बाजूच्या, सैनिकांनी. रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लागली. सिन फेन या स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या पक्षाचा उमेदवार होता एमन डी व्हॅलेरा, १९१६च्या ईस्टरच्या उठावातला सेनानी, फाशीतून वाचलेला, महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेला. तो उठाव २४ ते २९ एप्रिल १९१६चा. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. नाव आयर्लंडच्या चळवळीचं, आणि डब्लिनमध्ये नेमक्या त्याच दिवसांत होमरूलची जागा बंदुका घेत होत्या. केसरीच्या वाचकांपर्यंत बातम्या पोचेपर्यंत सगळं बदललेलं होतं.

डी व्हॅलेराविरुद्ध पॅट्रिक लिंच हे वकील उभे होते. क्लेअरमधल्या निम्म्या खुन्यांचे ते वकील आणि उरलेल्या निम्म्यांचे नातेवाईक, म्हणून येतील निवडून, असं म्हणे त्यांचे समर्थक सांगत. १० जुलै १९१७ला डी व्हॅलेरा ५,०१० आणि लिंच २,०३५. १८२८चा आठवडा सगळ्यांना आठवला असणार, प्रमाणही जवळपास तेच. पण या वेळी निवडून आलेल्याने शपथेचा पेच सोडवायचाच नव्हता. तो लंडनला जाणारच नव्हता. पुढच्या वर्षी सिन फेनने आयर्लंडच्या १०५पैकी ७३ जागा जिंकल्या आणि २१ जानेवारी १९१९ला डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. लंडनच्या संसदेतले क्लेअरचे दोन्ही तुकडे १९२२मध्ये अधिकृतपणे संपले.

नव्या व्यवस्थेत क्लेअर पुन्हा अख्खा एक मतदारसंघ झाला. १९२१मध्ये तिथे मतदान झालंच नाही, सगळे बिनविरोध. १९२२मध्येही नाही. मग ब्रिटनशी केलेल्या तहावरून आयरिश लोकांतच यादवी युद्ध झालं, डी व्हॅलेरा तहाच्या विरोधात. १५ ऑगस्ट १९२३ला डी व्हॅलेरा एनिसच्या चौकात प्रचाराला उभा राहिला, तिथेच ओकॉनेलचा उंच खांबावरचा पुतळा आहे, जुन्या कोर्टाच्या जागेवर. भाषण सुरू झालं, नव्या आयरिश सरकारच्या सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि त्याला पकडून नेलं. २७ ऑगस्टला मतदान झालं. एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत, बायकांनाही, मत गुप्त, भाडं किती सुटतं हे कुणी विचारायचं नाही. तुरुंगातल्या उमेदवाराला क्लेअरने सर्वांत जास्त मतं दिली.